दुसऱ्या बाईचे केस

माझ्या पार्लरमध्ये केस गळतात म्हणून एखादी बाई आली, की पहिल्या दिवशी मी तिच्या डोक्याला हातच लावत नसे. तिला वर्तमानपत्राचे सात तुकडे द्यायची आणि सांगायची, रोज ठरलेल्या वेळी विंचरा, फणीत येईल ते गुंतवळ या कागदात बांधा, पुडीवर वार लिहा आणि आठवड्यानं सातही पुड्या घेऊन या. विंचरताना गळून जे केस फणीत अडकतात, ते गुंतवळ. आमच्याकडे बायका त्याचं वेटोळं करतात, त्यावर थुंकतात आणि मगच टाकतात, कुणाच्या हाती लागून करणीबिरणी नको म्हणून. ते जपून ठेवायचं आणि वर परक्या बाईला नेऊन द्यायचं म्हटल्यावर बऱ्याचजणी कागद घेऊन जायच्या त्या परत फिरकायच्याच नाहीत. ज्या यायच्या, त्यांच्याशी माझं जमायचं.

पुडी उघडून मी केस पांढऱ्या फडक्यावर पसरायची. केसाच्या एका टोकाला खसखशीएवढा पांढरा ठिपका दिसला, तर तो केस मुळापासून सुटून आलेला. त्याचं कारण शरीरात शोधायचं. ठिपका नसेल आणि केस आखूड असेल, तर तो तुटलेला. त्याचं कारण हातात शोधायचं. ओले केस ओढून विंचरणं, टॉवेलनं खसाखसा पुसणं, गरम इस्त्री फिरवणं, टाळू ताणून वेणी घालणं, असलं काहीतरी निघायचंच. दिवसाला पन्नास-शंभर केस जाणं हे चालायचंच, ते डॉक्टरही सांगतात. पण बायका मोजत नाहीत, घाबरतात. सात पुड्या समोर मांडल्या की निम्म्यांची भीती तिथंच जायची.

साताऱ्यात एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं हे पार्लर एकतीस वर्षं होतं. या मार्चमध्ये ते मी बंद केलं. एकतीस वर्षांत डोकी किती पाहिली त्याची गणती नाही, पण काही पुड्या लक्षात राहिल्या. एका निवृत्त सुभेदारांच्या मंडळी एकदा सात पुड्या घेऊन आल्या. प्रत्येकीवर तारीख, वेळ, अक्षर टाइप केल्यासारखं. उघडून बघते तर बोटाच्या पेराएवढे पांढरे केस, आणि काकूंची वेणी कमरेपर्यंत. मी त्यांच्याकडे पाहिलं तर पदरात हसायला लागल्या. म्हणाल्या, "आवं, त्येंचं हाय ते. बायकांच्या दुकानात यायची लाज वाटती त्यास्नी." सुभेदारसाहेब समोरच्या रसवंतीत पाठमोरे बसले होते. त्यांना बोलावून घेतलं. तीस वर्षं डोक्यावर फौजेची टोपी होती, तिनंच केस खाल्ले, असं त्यांचं ठाम मत. मी वडिलांचं आणि मामांचं डोकं कसं होतं ते विचारलं. दोन्हीकडे तुळतुळीत. मग टोपीला कशाला बोल लावता, तुमचं हे घराण्यातून आलंय, पंचविशीत चामडीच्या डॉक्टरला दाखवलं असतं तर काही वर्षं धरून ठेवता आलं असतं, आता उन्हात जाताना तीच टोपी घालत जा, असं सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. तीस वर्षं ज्या टोपीला शिव्या घातल्या, तिची माफी मागायची पाळी आली होती.

या धंद्यातली एकच गोष्ट मी नव्या मुलींना शिकवली. आज जो केस गळतोय, त्याचं कारण आज शोधू नका, दोन-तीन महिने मागे जा. तेव्हा ताप येऊन गेला असेल, ऑपरेशन झालं असेल, घरात कुणी गेलं असेल. बाळंतीण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रडत येते, तेव्हा तिला जवळ घेऊन सांगायचं की हे आपोआप थांबतं. बँकेतल्या एक बाई मुलाच्या लग्नात बारीक दिसायचं म्हणून दोन महिने काकडी आणि ताकावर राहिल्या. लग्न थाटात झालं, आणि अल्बम येईपर्यंत मुठीत मावेल एवढीच वेणी उरली. दुसऱ्या एक होत्या, आठवड्याचे तीन उपास करायच्या. त्यांची नखं मी उजेडात धरून पाहिली, कागदासारखी पांढरी. त्यांना तेल दिलं नाही, रक्त तपासायला पाठवलं. जिना चढताना धाप का लागते ते त्यांना तेव्हा कळलं. केसांना लागतं तेच सगळ्या अंगाला लागतं: मटकी, शेंगदाणे, पालेभाजी, अंडी, झोप. एवढं साधं सांगितलं की गिऱ्हाईक नाराज होतं. त्यांना बाटली हवी असते.

आणि बाटली माझ्याकडे होती. खोबरेल तेलात माका, जास्वंद आणि ब्राह्मी कढवून मी ते करायची. तेलानं केस मऊ राहतात, कमी तुटतात, डोकं चोळून घेतल्यावर शांत झोप लागते. पण तेलानं केस उगवत नाहीत, हे मी प्रत्येकीला सांगायची. कुणाचाही विश्वास बसायचा नाही. त्या माझ्या डोक्याकडे बघायच्या. मानेवर अंबाडा, दाट, नीट, कानाजवळ वयाला शोभतील असे चार पांढरे केस. "तुमी काय लावता तेच द्या," एवढंच म्हणायच्या.

ते केस माझे नाहीत. मी टोप घालते. एकोणचाळीस वर्षं घालते आहे, आणि त्याखाली माझ्या डोक्यावर एकही केस नाही. गल्लीतल्या कुणाला हे माहीत नव्हतं. दर दोन वर्षांनी त्या टोपात सुईनं दोन-दोन पांढरे केस मी स्वतः गुंफत आले, म्हणजे म्हातारपण बेतानं यावं. गिऱ्हाइकं म्हणायची, मॅडम, तुम्ही किती हळूहळू पिकताय. मी हसायची. फसवणूक म्हणा, लाज म्हणा. दोन्ही खरं आहे.

मी मूळची कवठे महांकाळकडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरलं, सुपारी फुटली, आणि पंधरवड्यानं मला न्हाऊ घालताना आईला माझ्या डोक्यात रुपयाएवढी गुळगुळीत जागा सापडली. याला आमच्याकडे चाई म्हणतात. लोकांना वाटतं केसांना कीड लागली. कीड वगैरे काही नसतं. शरीराचे जे शिपाई रोगाशी लढायला ठेवलेले असतात, ते चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर चालून जातात, एवढंच. ते शिवल्यानं दुसऱ्याला होत नाही, कुणाच्या पापानं होत नाही. पुष्कळांचे केस पुन्हा येतात, काहींचे येत नाहीत. हे मला कळलं तेव्हा तीस वर्षांची होते. त्या वेळी मात्र वडिलांनी कांदा चोळला, लसूण चोळला, कुणी सांगितलं म्हणून रक्त येईपर्यंत गोणपाट घासलं. होणारी नणंद गजरा माळायला आली आणि तिच्या बोटाला ती जागा लागली. लग्न मोडलं. वर्षभरात सगळं डोकं रिकामं झालं.

सांगलीला माझी मावशी होती. तिच्या आळीत नाटकवाल्यांचे टोप बनवणारे एक वयस्कर कारागीर राहायचे. मावशीनं मला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी डोक्याचं माप घेतलं आणि एक शब्दही विचारला नाही. खेडोपाडी बायका सुया-पिनांच्या बदल्यात गुंतवळ विकायच्या, त्यातूनच माझा टोप झाला. मी तिथंच कामाला राहिले. गुंतवळ सोडवायचं आणि एकेक केस मूळ एका बाजूला, टोक दुसऱ्या बाजूला असा लावायचा. एक जरी उलटा गेला तरी सगळ्यांचा गुंता होतो. चार वर्षं तेच केलं. गळलेला केस वाचायला मी तिथं शिकले. पुढं पार्लरचा कोर्स केला आणि ओळखीचं कुणी नाही म्हणून साताऱ्याला आले.

ओळखीचं कुणी नाही, हे मीच ठरवून केलेलं होतं, आणि ते मी नंतरही टिकवलं. गल्लीतल्या बायकांची महाबळेश्वरची सहल निघायची, मी दुकानाचं निमित्त सांगायची, कारण रात्री एका खोलीत झोपावं लागलं असतं. कुणाच्या स्कूटरवर मागे बसायची नाही, वारा असतो. भाऊबीजेला भावाकडे गेले तर संध्याकाळच्या गाडीनं परत. भावाला सगळं माहीत आहे, पण ते लग्न मोडल्यापासून आमच्या घरात तो विषय कधीच निघाला नाही. न्यूमोनिया झाला तेव्हा दवाखान्यात राहायला लागेल म्हणून चार दिवस अंगावर काढला. लोकांना मी जरा तुटक वाटायची. होतेच.

मंगल आली ती गेल्या वर्षीच्या आषाढात. पाटणच्या वरच्या अंगाची, लग्नाला दीड वर्ष, नवरा फौजेत. साताऱ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागली होती आणि दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. तिनं सात पुड्या आणल्या नाहीत. खुर्चीवर बसली, वेणी पुढं घेतली आणि मान खाली घातली. मागे तीन गोल जागा होत्या, गुळगुळीत. मला ओळखायला क्षणही लागला नाही.

नवरा दिवाळीला सुट्टीवर येणार होता. लग्न ठरवताना त्यानं म्हणे तिची वेणी पाहूनच होकार दिला होता. आता व्हिडिओ कॉलवर ती डोक्यावरून ओढणी घेऊन बोलायची आणि त्याला वाटायचं, बायको लाजते. दिवाळीपर्यंत केस यायला हवेत, एवढंच तिचं म्हणणं. मी तिला त्याच दिवशी चामडीच्या डॉक्टरकडे पाठवलं. ती गेलीही. त्यांनी त्या जागांवर बारीक सुईनं इंजेक्शनं दिली, महिन्यानं परत बोलावलं आणि केस येतील पण वेळ लागेल, खात्री देता येत नाही, असं खरं तेच सांगितलं. ती पुढच्या रविवारी माझ्याकडे हजर. डॉक्टर खात्री देत नाही, सुई दुखते, तुम्हीच तेल लावा म्हणाली. "तुमच्या डोक्याकडं बगून मला धीर येतो, मावशी," असंही म्हणाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तेल लावलं.

का लावलं ते आता लपवत नाही. मला मावशी म्हणणारं कुणी नव्हतं. ती दर रविवारी दुपारी यायची, दोन तास बसायची, मी डोकं चोळायची आणि ती बोलायची. कंपनीतल्या सुपरवायझरच्या नकला, सासूचे फोन, कोयनेकडचा पाऊस, नवऱ्याला चहात किती साखर लागते ते. कधी भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन यायची आणि आम्ही दुकानातच खायचो. शनिवारपासून मी तिची वाट बघायची. डॉक्टरकडे गेलीस का, असं दर खेपेला विचारायची, पण ते असं की तिनं नाही म्हणावं. तेलानं तिचं काही बिघडलं नाही. तेलाच्या भरवशावर ती डॉक्टरकडे गेली नाही, त्यानं बिघडलं. गणपतीपर्यंत तीन जागा मिळून एक झाली आणि कानामागे चौथी उघडली.

गणपतीनंतरच्या एका रविवारी तिनं मला मागून दुसरा आरसा धरायला लावला. बघितलं आणि म्हणाली की दिवाळीत माहेरी जाऊन बसते, त्याला काहीतरी कारण सांगते, पुढच्या सुट्टीपर्यंत येतील केस. माझी आईही असंच म्हणाली होती, थोडे दिवस कुणाला दिसू नकोस. ते थोडे दिवस एकोणचाळीस वर्षं चालले होते.

मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि टोप काढला.

मंगल ओरडली नाही, तिनं तोंडाला हात लावला नाही. मला वाटलं, उठून जाईल. मी फसवलं म्हणेल, आणि ते खरंच होतं. मी तिला सगळं सांगितलं: तेल कशाला असतं आणि कशाला नसतं, डॉक्टरकडे लगेच का जायचं, माझ्या वेळी गोणपाट घासलं नसतं आणि कुणी वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं तर कदाचित, कदाचितच, काही केस राहिले असते. तिनं त्यातलं काही विचारलं नाही.

"कुणाकुणाला ठावं हाय?" एवढंच विचारलं.

मी म्हणाले, आई-वडिलांना होतं, ते गेले. मावशी गेली, टोप करणारे कारागीरही गेले. भावाला आहे, पण तो बोलत नाही. बाकी कुणाला नाही.

"आन् येवढी वर्सं तुमी येकल्याच?"

मी मान हलवली. तिनं ओढणी उचलली, घडी घातली, पिशवीत ठेवली. मग जे बोलली ते मी अजून विसरले नाही. "मावशी, तुमचं डोकं बगून मला भ्या न्हाई वाटलं. तुमचं ह्ये ऐकून वाटलं. मला असं न्हाई जगायचं."

ते मला लागलं. आजही लागतं. ती चुकीचं काही बोलली नव्हती, म्हणूनच जास्त. तिनं माझ्यासमोरच नवऱ्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही, ड्युटीवर असावा. ती म्हणाली, रात्री लावते, आणि गेली. सोमवारी तिनं डॉक्टरला दाखवल्याचा फोन केला. त्यानंतर रविवारी येणं थांबलं. तेलाचं काम उरलं नव्हतं, आणि रविवारी डॉक्टरांनी सांगितलेलं औषध लावून ती मैत्रिणींबरोबर बाजारात जायची. मीच तिला तेल बंद कर म्हणून सांगितलेलं. तरी रविवारी दुपारी मी दोन माणसांचा चहा टाकायची आणि मग तो दोनदा प्यायची.

दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी, दुपारी, मंगल आली. बरोबर नवरा. काळासावळा, हडकुळा, दारातच बूट काढणारा. मंगलच्या डोक्यावर ओढणी नव्हती, आणि वेणीही नव्हती. सगळे केस अगदी बारीक कापलेले. त्यानंच कापले होते, घरी आल्या आल्या मशिननं, आपल्यासारखेच. म्हणाला, "निम्मं हाय निम्मं न्हाई, त्यापरास सगळं सारकं. पलटनीत समद्यांचं असंच असतंय." उघड्या जागांवर पांढरी लव दिसत होती. चाईत केस परत येताना आधी असेच पांढरे, मऊ येतात, नंतर रंग धरतात. मी चष्मा लावून बघितलं. मुळं जिवंत होती. बोलताना तो मधूनच तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता, अगदी सवयीनं, आणि तिचंही तिकडे लक्ष नव्हतं.

मी हजारो डोक्यांना हात लावलेला आहे. माझ्या डोक्याला शेवटचा हात आईचा लागला, त्यालाही आता बावीस वर्षं झाली.

त्याला फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. दिवाळी झाली की दोघं तिकडे जाणार होते, लांब, वर कुठंतरी. चकली-चिवडा झाला, चहा झाला. तो गाडी वळवायला बाहेर गेला. मंगल उठली नाही. तिनं माझ्या टेबलावरची तेलाची बाटली उचलली, बूच काढून वास घेतला.

"उद्या पयली आंगूळ," ती म्हणाली. "तुमास्नी तेल कोण लावतं, मावशी?"

पहिल्या आंघोळीला आमच्याकडे कुणीतरी कुणाला तेल लावतं. आई लेकराला, बायको नवऱ्याला, बहीण भावाला. मी म्हणाले, माझं मी लावते.

तिनं गिऱ्हाइकाची खुर्ची माझ्याकडे फिरवली. "बसा. आज मी लावते. काडा त्यो टोप."

माझे हात वर गेले होते. कानाजवळच्या पिनेपर्यंत गेले होते, हे मला नक्की आठवतं. पण तेवढ्यात बाहेर त्यानं हॉर्न दिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आता नको गं, गिऱ्हाईक यायचंय. पुढच्या खेपेला."

तिनं बाटलीला बूच लावलं, वाकून नमस्कार केला आणि गेली. पुढची खेप नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मोटारसायकल गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी होते. मग आत येऊन त्या फिरवलेल्या खुर्चीवर बसले. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. कुणी यायचंच नव्हतं.